लांब फेकीचं शिसं

"सदर स्पर्धक मद्याच्या अमलाखाली असल्याने त्याचा तोल गेला, धरणाच्या दगडी पिचिंगवर आपटून त्याच्या डोक्यास मार लागला व त्यातच त्याचा मृत्यू झाला. स्पर्धेच्या आयोजनात कोणतीही त्रुटी आढळून आली नाही."

बोरखडी जलमहोत्सव समितीने स्वतःच्या महोत्सवाची स्वतःच चौकशी करून काढलेला हा निष्कर्ष. चौकशी करणारे तिघे आणि तिघेही समितीचेच, तेव्हा त्रुटी आढळली नाही यात नवल नव्हतं. आरशासमोर उभं राहून स्वतःला ओवाळून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पोलिसांनी तो अहवाल अकस्मात मृत्यूच्या कागदांना जोडला, आणि भाजीपाला नि झेंडू पिकवणारा सागर दारू पिऊन मेला, हे चांदूर रेल्वेच्या पंचक्रोशीत सरकारमान्य सत्य झालं.

सागरची थोरली बहीण साधना अकोल्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे. तिची निम्मी हयात महानुभावांच्या हस्तलिखित पोथ्या वाचण्यात गेली होती. एकाच वचनाचे चार पाठ समोर आले की त्यांतला मूळचा कोणता आणि नकलकाराने घुसडलेला कोणता, हे ठरवणं तिचं काम. त्या कामाने तिला एक गोष्ट शिकवली होती : वाक्य जिथे फार गुळगुळीत लागतं, तिथे कुणीतरी हात फिरवलेला असतो.

अहवालाचं पहिलं वाक्य तिने शिवणीपासून उसवलं. 'मद्याच्या अमलाखाली' याला आधार काय, तर सागरच्या पिशवीत सापडलेली दारूची चपटी बाटली आणि 'तोंडाला वास येत होता' हा समितीच्या सचिवाचा जबाब. रक्त तपासल्याचा उल्लेख कुठेच नाही. 'तोल गेला' हे पाहिलं कुणी? कुणीच नाही. त्या क्षणी उद्घाटनाची फेक चालली होती आणि पाहुण्यांसकट सगळ्यांचे डोळे लांब पाण्यावर लागले होते, गळाच्या काठीने झोकलेलं शिसं कुठे पडतं ते बघायला. 'पिचिंगवर आपटून' म्हणावं, तर सागर डाव्या कुशीवर पडलेला सापडला. डावं कोपर सोललेलं, डावा गुडघा खरचटलेला. जीव घेणारी जखम मात्र उजव्या कानशिलावर. डावीकडे पडणाऱ्या माणसाला उजवीकडे मारण्याची करामत दगडांनी कशी साधली, यावर अहवाल मौन पाळत होता. ती जखम साधनाने स्वतः पाहिली होती. रुपयाएवढी, गोल आणि खोल. धरणाच्या पिचिंगचे, म्हणजे भिंतीच्या उतारावर रचलेले, दगड सुरुंगाने फोडलेले असतात. गोलाई त्यांच्या गावी नसते.

आणखी एक गळती होती. प्रत्येक फेकीचं अंतर मोजायला दोन माणसं नेमल्याचं अहवाल अभिमानाने सांगतो. मग उद्घाटनाची फेक किती लांब गेली? तो आकडा अहवालात नव्हता. पोथीतून एखादी ओळ गळते तेव्हा नकलकार पेंगत होता असं समजून क्षमा करता येते. इथे नकलकार टक्क जागा होता.

हे सगळं तिला उमगायला तेरवी उलटावी लागली. तोवर तिनेही गावासारखंच मानलं होतं की एवढ्या वर्षांत भाऊ आपल्या नकळत बिघडला असेल. एका अनुस्वारावर महिनाभर संशय घेणारी बाई छापील शिक्क्यापुढे गप्प बसली. अकोल्याला परतण्यासाठी तिने बॅगही भरली होती. ती थांबली ते आईमुळे.

आईच्या, गोदाबाईंच्या, घरासमोरच्या गल्लीच्या टोकाला गावाचं प्रार्थनामंदिर होतं. सांज झाली की तिथे सामुदायिक प्रार्थना होई. गोदाबाई लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून तिथला झाडू त्यांच्या हाती होता. वर्षातून एकदा गुरुकुंज मोझरीला जाणं आणि रोज सांजेला पांढरी साडी नेसून पहिल्या ओळीत बसणं, ही त्यांची मिळकत. सागर लहानपणी तिथे खंजिरी वाजवायचा. त्या सांजेला खंजिरीचा आवाज गल्लीत आला आणि साधनाने पाहिलं, आईने उठून दार लोटून घेतलं.

"माय, प्रार्थनेले जात नाहीस?"

"कोणत्या तोंडानं जाऊ व? दुसऱ्याच्या पोराइले मी सांगत होती, दारूले शिवू नका म्हणून."

"कोणी काही म्हटलं का?"

"म्हटलं असतं तर भांडली असती." गोदाबाई भिंतीला टेकून बसल्या. "कोणीच म्हणत नाही. मी गेली की विषयच बदलतात. मले वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी गेली होती, तर किसनराव म्हणे, वहिनी, तुमी बसा, झाडू आज दुसरं कोणी मारीन. चांगल्या मनानंच म्हणे तो. पण झाडू घेतला ना माह्या हातातून."

साधनाने भरलेली बॅग भिंतीकडे सरकवली.

"त्याची ते पिशवी पोलिसाइनं देली, ते कोपऱ्यात पडली हाय. त्यातली बाटली तेवढी फेकून दे, माय. घरात नको मले."

पिशवी कापडी, सागरच्याच हातची शिवलेली. आत गळांचं डबडं, तंगुसाचं, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचं, एक बंडल, पेचकस, चिंधी आणि ती चपटी बाटली. साधनाने बाटली उकिरड्यावर नेली, आणि ओतून टाकावी म्हणून बूच फिरवलं. ते घट्ट बसलं होतं. पोलिसांनी पंचनाम्यात तिचं माप, रंग आणि लेबल नोंदवलं होतं, समितीने तिच्यावर निष्कर्ष उभारला होता. बूच मात्र कुणी उघडलं नव्हतं. उघडताच वास आला तो शिलाई मशीनच्या तेलाचा.

ती परत आत आली आणि तिने बाटली आईच्या नाकाशी धरली. गोदाबाईंनी आधी तोंड फिरवलं, मग हळूच हुंगलं.

"हे तं माह्या मशीनचं तेल होय," त्या म्हणाल्या. "डब्बी फुटली होती. त्यानंच भरून ठेवलं असन." त्यांनी बूच घट्ट लावलं. "मले समजलं. पण गावाले कसं समजन? हे बाटली घेऊन मी घरोघर हुंगवत फिरू का?"

मग पदराने त्यांनी बाटली पुसली. ती पुसलेलीच होती.

बाटलीत तेल होतं तर वास कशाचा आला? हा प्रश्न बाटलीचा नव्हता, तिच्याविषयी जबाब देणाऱ्याचा होता. आणि तो सचिव म्हणजे गजेंद्र. सागरचा शाळेपासूनचा सोबती, चांदूर रेल्वेच्या बाजारात कृषी केंद्र चालवणारा, याच घरात पिठलं-भाकर खाऊन वाढलेला गजू. सागरच्या तिरडीचा पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर होता.

पिशवीच्या तळाशी चिंधीत गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं. साधनाने ते बाहेर काढलं. तळहातात मावणार नाही एवढं थोराड, चकचकीत, परदेशी रीळ. सागरचं नव्हे, सागरचं रीळ लहान नि काळपट होतं. हे समुद्राकाठी लाटांवरून लांब शिसं फेकण्यासाठी केलेलं. समुद्र जिथून गाडीने रात्रभराच्या वाटेवर आहे, अशा वऱ्हाडात समुद्रावरची लांब फेकीची स्पर्धा भरवण्याची कल्पना समितीला सुचली, तेव्हा अशी रिळं मागवली गेली. मासा मिळाला नाही तरी चालेल, शिसं लांब गेलं पाहिजे, असा त्या स्पर्धेचा नियम होता. पुष्कळशा महोत्सवांचा तोच असतो.

साधनाला हे रीळ ठाऊक होतं. दिवाळीत ती घरी आली असताना सागरने ते ओसरीवर उघडून ठेवलं होतं. गजूचं रीळ, त्याची खोड निघत नाही, म्हणाला होता. रिळाच्या तोंडावर तारेची एक कमान असते. फेकण्याआधी ती उलटी पाडायची, म्हणजे तंगूस मोकळा होतो. मग तो बोटावर धरायचा, काठी झोकायची नि बोट सोडायचं. शिसं पाण्यात पडलं की कमान मिटवायची, म्हणजे तंगूस पुन्हा अडतो. तिला उघडी किंवा मिटलेली धरून ठेवते ती आतली एक नाजूक स्प्रिंग. गजूच्या रिळातली ती स्प्रिंग तुटली होती. कमान मन मानेल तेव्हा मिटत होती.

"मिटली तर मिटली," साधना तेव्हा म्हणाली होती. "पुन्हा फेकायचं."

"तसं नाही ना ताई." सागरने वाती वळणाऱ्या आईच्या ताटातून एक सुपारी उचलली, दोऱ्याला बांधली नि गरकन फिरवली. "काठी अर्ध्यात असतानी कमान मिटली, तर बोट सोडूनही तंगूस सुटत नाही. शिसं असं डावीकडं फिरते. जोर मावला नाही की तंगूस तुटते, अन् मंग ते शिसं नसते, गोळी असते." दोरा तुटला नव्हता, पण सुपारी खांबावर आदळून ठण्ण वाजली होती. गोदाबाई म्हणाल्या होत्या, "माही सुपारी हाय ते, बंदूक नाही." तिघंही हसली होती.

त्यावर उपाय त्याने मोबाइलवर समुद्रकाठच्या माणसांचं पाहून शोधला होता. ती माणसं कमान सरळ काढूनच टाकतात आणि तंगूस बोटाने रोलरवर, रिळाच्या तोंडाशी असलेल्या बारक्या चाकावर, चढवतात. "दिसाले बुचं, उघडंबोडकं दिसते," सागर म्हणाला होता, "पण दगा देत नाही." आणि त्याने गजूच्या रिळाची कमान काढून ठेवली होती. साधनाच्या समोर.

आता तिच्या हातातल्या रिळावर कमान होती.

पेचकस पिशवीतच होता. तिने बाजूची झाकणी उघडली. आत जी स्प्रिंग बसवली होती ती त्या यंत्राची नव्हती. जाड, आखूड, टोकाला पक्कडीने दाबून बसती केलेली. वेटोळ्यांच्या फटीत निळसर पांढरं काहीतरी वाळलेलं. तिने ते नखाने खरवडून हुंगलं. हा वास ओळखायला तिला कुणाची मदत लागली नाही. कॉलेजात जाईपर्यंत सुट्टीच्या दिवशी वांग्यांवर पाठीवरच्या पंपाने फवारे तिनेच मारले होते. फवारणी पंपाच्या दांडीला जो खटका असतो, त्याची ही स्प्रिंग. तो खटका दाबून दाबून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. शेतात काहीही तुटलं की पंपाची स्प्रिंग, सायकलची ट्यूब नि कुंपणाची तार यांवर निभावून न्यायचं, हे शहाणपण या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. त्या शहाणपणाला समुद्र ठाऊक नव्हता एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांदूर रेल्वेला गेली. गजेंद्रच्या दुकानात गर्दी नव्हती. तो खाली मान घालून बियाण्यांची पाकिटं लावत होता.

"फवारणी पंपाच्या खटक्याची स्प्रिंग आहे का?"

"कोणत्या कंपनीची?" त्याने खण ओढला, एक स्प्रिंग काउंटरवर टाकली नि वर पाहिलं. "ताई? तुमी दुकानात कवा आल्या? बसा ना. चहा सांगतो."

साधनाने पर्समधून रीळ काढलं, झाकणी उघडी ठेवून स्प्रिंगच्या शेजारी मांडलं. दोन्ही वेटोळी एकाच आईची होती. तिने कमान उलटी पाडली. पाडायला जोर लागला. मग रीळ हातात धरून तिने नुसता मनगटाला हिसका दिला. खट्. कमान मिटली. तिने ती पुन्हा पाडली. पुन्हा हिसका, पुन्हा खट्.

गजेंद्र तिच्या हाताकडे पाहत होता.

"स्प्रिंग तं स्प्रिंगच असते, ताई," तो शेवटी म्हणाला. "मले वाटलं, जरा कडक हाय तं चांगलीच धरन."

"सागरने कमान काढली होती."

"हो."

"तू बसवलीस."

त्याने काउंटरवरची स्प्रिंग खणात परत टाकली.

"उद्घाटनाची फेक तुझी होती. तुझ्या डाव्या अंगाला सागर होता. तुझं शिसं पाण्यात पडताना कुणालाच दिसलं नाही, म्हणून अहवालात अंतर नाही. बरोबर वाचते आहे ना मी?"

"समितीनं सगळ्याइनं मिळून ठरवलं ते, ताई. महोत्सव कायमचा बंद पडला असता. नावा चालवणारे, भज्याच्या गाड्या लावणारे, किती लोकाइचं पोट हाय त्याच्यावर. अन् म्या काय मुद्दाम मारलं का त्याले? अपघातच होता ना?"

"शिसं अपघात होता," साधना म्हणाली. "वास अपघात नव्हता."

रागावलं की वऱ्हाडी माणसाला वऱ्हाडी फुटते. साधनाचं उलट होत असे. राग जितका खोल, तितकी तिची भाषा प्रमाण होत जाई, क्रियापदं जागच्या जागी येऊन बसत. गजेंद्र ते लहानपणापासून ओळखत होता.

"असं पुस्तकावानी नका बोलू, ताई. शिव्या द्या. चपलीनं मारा."

"शिव्या दिल्या की मोकळं होता येतं. तुलाही आणि मलाही." तिने रीळ पर्समध्ये ठेवलं. "हे घेऊन मी पोलिसांकडे जाणार आहे. ते तुझ्या हाती नाही. पण माझी आई प्रार्थनेला जात नाही, गजू. तिच्या हातचा झाडू गेला आहे. तो तिला पोलीस परत देणार नाहीत, न्यायालयही देणार नाही. सागर प्यायला होता, हे गावाने तुझ्या तोंडून ऐकलं होतं."

गजेंद्रने ओढलेला खण आत लोटला.

"काकूले घरी येऊन सांगतो. पाय धरतो त्याइचे."

"घरात नाही. त्याची बदनामी घरात झाली नव्हती."

बाहेर एक शेतकरी पंपाचा वॉशर विचारत उभा होता. गजेंद्रने तो काढून दिला, सुटे दिले, आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "सांजेले येतो."

घरी आल्यावर साधनाने आईला काहीच गोड करून सांगितलं नाही. रीळ दाखवलं, कमान मिटवून दाखवली, कोणाची फेक होती ते सांगितलं. गोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. चुलीवरचं दूध उतू जाऊन खाली सांडलं, ते त्यांनी राख टाकून पुसलं.

"गजू व?" त्या म्हणाल्या. "तेरवीले पंगतीत वाढत होता तो. माह्या ताटात दोनदा भात टाकला त्यानं. म्हणे, काकू, खा, तुमी खाल्लं नाही तर सागरले बरं वाटणार नाही."

"संध्याकाळी प्रार्थनेला येतो आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"त्याचीही माय येते व प्रार्थनेले."

ज्या न्यायाची मांडणी साधनाने दिवसभर मनात चोख करत आणली होती, त्यात दुसरी आई कुठे नव्हतीच.

"तू म्हणशील तर थांबवते," ती म्हणाली, आणि हे तिने मनापासून म्हटलं.

गोदाबाई उठल्या. पेटीतून त्यांनी पांढरी साडी काढली, झटकली. "नको थांबवू," त्या म्हणाल्या. "माह्या पोराचं नाव हाय. पण मी त्या बाईच्या बाजूले बसीन."

आणि तशाच त्या बसल्या, पहिल्या ओळीत नाही, मागे दाराजवळ, गजेंद्रच्या आईला लागून. त्या बिचारीला काहीच माहीत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी गोदाबाई आल्या म्हणून तिने त्यांचा हात हातात घेतला नि तो सोडला नाही. प्रार्थना झाली. मौन झालं. किसनराव, गावातले वडीलधारे, प्रार्थना चालवणारे, ते उठता उठता म्हणाले, "गजेंद्रभाऊले काही बोलाचं हाय म्हणते. बसा थोडं." खंजिरीवाल्या पोराने खंजिरी मांडीवर पालथी घातली.

गजेंद्र पुढे येऊन उभा राहिला. त्याने चपला काढल्या होत्या, तरी पायांकडेच पाहत होता. साधनाने मोबाइल समोरच्या चटईवर उघडउघड ठेवला आणि ध्वनिमुद्रण चालू केलं. त्याला ते दिसलं, आणि त्याने मान हलवली. पुढे तिने ते पोलिसांकडच्या तक्रारीला जोडण्यासाठी स्वतः उतरवून काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाठ शुद्ध करत आलेल्या बाईने त्यातला एक शब्दही शुद्ध केला नाही.

"सागर दारू पेला नव्हता. तो कधीच पेत नव्हता, हे मले तुमच्या सगळ्याइपेक्षा जास्त माहीत हाय. तोंडाले वास येत होता असं म्या लिहून देलं, ते खोटं होतं. माह्यं रीळ म्याच चिंधीत गुंडाळून त्याच्या पिशवीत लपवलं होतं, म्हणून पोलिसाइनं बाटली काढली तवा मी बाजूलेच होतो. त्याच्यात मशीनचं तेल होतं. आदल्या दिवशी त्यातलंच तेल त्यानं माह्या रिळाले लावून देलं होतं. कमान त्यानं काढून ठेवली होती, म्हणे असंच फेक, कोणाले लागणार नाही. पण पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते, बुचं रीळ हातात घ्याची मले लाज वाटली. म्हणून सकाळी दुकानात म्या ते कमान पुन्हा बसवली, पंपाची स्प्रिंग टाकून. त्याले सांगितलं नाही. म्या काठी मागं घेतली तवा तो त्याची जागा सोडून माह्याकडं येऊन राहिला होता. त्याले लांबूनच कमान दिसली असन. त्यानं हात वर केला. पाहुणे टाळ्या वाजवाले तयार होते. मले वाटलं, एवढी एक फेकतो न् मंग त्याचं ऐकतो. शिसं फिरलं तवा त्यानं तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता. तो म्हणे, गजू, फेकू नको. काकू, मले ऐकू आलं होतं."